पिवळे बुश

बायकोचा आजार पाठीच्या मणक्यात उतरलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच सुमारास आमच्या गाडीच्या पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. आधी नुसता खट् असा. गतिरोधकावरून उतरताना यायचा, मग खड्ड्यातून जाताना, आणि पुढे पुढे तर रस्त्यावर पडलेल्या गोट्यावरून चाक गेलं तरी यायचा. एरवी अशा आवाजाकडे मी महिनोन्‌महिने लक्ष दिलं नसतं. पण आता त्या आवाजासोबत शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचा श्वास अडकायचा. तो मला ऐकू यायचा.

आम्ही रोहण्याला राहतो. मी इथल्याच शाळेत गणित शिकवतो. मुलगी पुण्यात नोकरीला, सुट्टी मिळाली की धावत यायची आणि रडत परत जायची. दवाखाना वर्ध्याच्या बाजूला. तिथे रोज शेक घ्यायचे होते, शेक म्हणजे रेडिएशन. दवाखान्याजवळ खोली घेऊन राहा असं पुष्कळांनी सुचवलं. बायको ऐकेना.

"दिवसभर तिथीच लोकं पाहायचे, अन्‌ झोपायलेबी तिथीच?" ती म्हणाली. "मले संध्याकाळी माह्या घरी येऊ द्या."

म्हणून रोज सकाळी रोहणा ते पुलगाव, तिथून देवळीवरून वर्धा, आणि दुपारी तोच रस्ता उलटा. मोठा रस्ता त्यामानाने बरा होता. त्रास व्हायचा तो गावाकडच्या तुकड्याचा. पावसाळ्यात उखडलेला, मग मुरूम टाकून बुजवलेला, मग पुन्हा उखडलेला. तो रस्ता मी वर्षानुवर्षं स्कूटरवरून, गाडीतून तुडवला होता. त्यात इतकं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. आता कुठल्या पुलाच्या आधी डांबर खचलंय, कुठल्या वळणावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्यात, कुठे ऊस नेणाऱ्या गाड्यांनी कड तोडलीय, सगळं पाठ झालं. जागा आली की मी गाडी जवळजवळ उभीच करायचो. ती दाराच्या वरचा दांडा धरायची, डोळे मिटायची. गाडी पलीकडे गेली की म्हणायची, "झालं?"

"झालं."

मग ती डोळे उघडायची.

माझे मोठे साळे आर्वीला राहतात. गाड्यांच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. वडील लवकर गेले तेव्हा ही फार लहान होती. तिला सायकल शिकवणं, तिच्या शाळेची फी भरायला जाणं, परीक्षेच्या दिवशी केंद्रावर सोडून झाडाखाली थांबून राहणं, हे सगळं त्यांनीच केलेलं. मला मुलगी दाखवायच्या वेळी आत-बाहेर पोहे नेणारेही तेच होते. अंगाने दणकट, आवाज मोठा. मायेचं बोलणं त्यांना जमत नाही. आमच्याकडे आले की घरात शिरायच्या आधी ते गाडीचं बॉनेट उघडायचे. ऑइल पाहायचे, बेल्ट दाबून पाहायचे, टायरला लाथ मारायचे आणि मग हात धुऊन आत येऊन विचारायचे, "काय बाई, बरी आहेस ना?" बहिणीला ते बाईच म्हणतात. ती त्यांना दादा म्हणायची.

आजाराचं कळल्यावर ते आले तेव्हाही तसंच झालं. मात्र त्या दिवशी ते बॉनेटपाशी फार वेळ थांबले. मी बाहेर गेलो, तर ते नुसतेच इंजिनकडे पाहत उभे होते.

मी त्यांना आवाजाचं सांगितलं. त्यांनी लगेच मला गाडी चालवायला लावली, स्वतः खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत बसले. परत आल्यावर म्हणाले, "बुश गेले जवाईबुवा. लोअर आर्मचे."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही तेव्हाच कळलं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एक लोखंडी हात असतो. तो हात जिथे सांगाड्याला मिळतो, त्या सांध्यात रबराची जाड बांगडी बसवलेली असते. तिला बुश म्हणतात. चाक खड्ड्यात पडलं की धक्क्याचा पहिला भाग ते रबर पितं. वयाने ते वाळतं, चिरतं, आणि मग लोखंडावर लोखंड आपटायला लागतं.

"मी टाकून देतो," साळे म्हणाले. "पण साधे नाई टाकत. पीयूचे टाकतो. लय मजबूत येतात. जनमभर पाहायचं काम नाई."

पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन. रबराहून कडक, प्लास्टिकसारखा चिवट पदार्थ. शर्यतीच्या गाड्यांना, डोंगरात जाणाऱ्या जीपांना लावतात म्हणे. आमच्या साध्या गाडीच्या मापाचे त्यांनी खास नागपूरहून मागवले. आले ते झेंडूसारखे पिवळेधमक होते. दुकानाच्या काउंटरवर त्यांनी ते मला दाखवले, नखाने दाबून दाखवले. नख उमटलं नाही.

रविवार होता. शेक नसायचा. साळ्यांनी दुकान बंद ठेवलं आणि शेजारच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीबरोबर स्वतः गाडीखाली शिरले. त्या वयात, ते पोट घेऊन. गंजलेले बोल्ट निघेनात, त्यांच्यावर तेल मारून थांबावं लागलं. जुने बुश प्रेसखाली दाबून काढले. रबर नव्हतंच उरलं, काळी भाकरी करपून तुटावी तसे तुकडे पडले. पिवळे बुश बसवताना साळ्यांनी स्वतःच्या बोटांनी ग्रीस लावलं. दुपारचं जेवले नाहीत. संध्याकाळी गाडी घेऊन मी निघालो तेव्हा त्यांचा शर्ट ओळखू येत नव्हता.

"आता बाईले सांगजा," ते म्हणाले, "का दादानं रस्ता गुळगुळीत करून दिला."

मी सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

सोमवारी आम्ही निघालो. आवाज पूर्ण गेला होता. स्टिअरिंग हातात घट्ट बसलं होतं, गाडी रेघेवर चालावी तशी चालत होती. मी खूश झालो. गावाबाहेरच्या पहिल्या खड्ड्याशी मी सवयीने गाडी हळू केली, उतरवली. खट् झालं नाही. पण शेजारी बायकोने पदराचं टोक तोंडात धरलं.

"काय झालं?"

"काई नाई. चाला."

देवळी येईपर्यंत मला समजलं होतं. आधी गाडी ढिली होती, आवाज करायची, पण धक्का कसाबसा विरून वर यायचा. आता तो विरत नव्हता. मोठा खड्डा सोडा, डांबरावरची खडी, पॅचच्या कडा, रस्त्याचा सारा खरखरीतपणा सरळ सीटमध्ये येत होता. माझ्यासारख्या धडधाकट माणसाला ते नुसतं कडक वाटलं असतं. तिच्या मणक्यांना ते सुईसारखं होतं. आणि आधी मोठे धक्के मोजकेच होते, ठरलेल्या जागी होते, त्यांची तयारी करता यायची. आताचे बारीक धक्के थांबतच नव्हते.

परतताना मी म्हणालो, "उद्या भाऊंना फोन करतो. हे काढून पुन्हा रबराचे टाकू."

ती एकदम माझ्याकडे वळली. इतक्या झटकन वळणं तिला दुखलंच असणार. "दादाले काई सांगायचं नाई."

"अवं, पण तुला..."

"त्यानं दिवसभर गाडीखाली काढला. उपाशी. माह्यासाठी त्याच्यानं जे होत होतं ते त्यानं केलं. आता त्याले मी सांगू का तुह्यानं मले जास्त दुखून राह्यलं म्हणून?"

"त्यांना नाही सांगायचं. पुलगावात कुठेही काढून घेऊ."

"तो आल्या आल्या गाडीच पायते. तुमाले नाई माहीत?"

माहीत होतं. 

मग मला जे सुचलं ते मी केलं. टायरमधली हवा थोडी उतरवली. सीटवर गादीचा तुकडा घातला, त्यावर उशी. तिला पुढून मागच्या सीटवर आडवं केलं. गती इतकी कमी केली की मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून शिव्या देत पुढे जायचे. थोडा फरक पडला, फार नाही. संध्याकाळी साळ्यांचा फोन यायचा. ती फोन कानाला लावायची आणि आवाज बदलायची. "हो दादा. मस्त चालते आता. पाण्यावरून गेल्यासारखी." मी स्वयंपाकघरात कुकर लावत ते ऐकायचो. तिच्यावर रागावावं की काय करावं कळायचं नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

शेक संपत आले होते. एका सकाळी साळे न सांगता आले. म्हणाले, "आज मीबी येतो. दुकान काय, रोजचंच आहे." बायकोने माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायला कारण नव्हतं. ते मागे बसले आणि बहिणीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. तिने त्यांचा हात धरला. मी आरशात पाहिलं तर ती शांत दिसत होती. पदर तोंडात नव्हता. ती बोलतही होती, लहानपणीच्या कुठल्या म्हशीबद्दल, जी कुणाच्याच हाताने पान्हा सोडायची नाही आणि आईने गाणं म्हटलं की सोडायची. साळे हसत होते, मध्येच दुरुस्त करत होते. "काळी नव्हती ते, भुरी होती."

पुलगावच्या अलीकडे त्यांचं बोलणं कमी झालं. पुलगाव ओलांडल्यावर थांबलंच. ती अजून बोलत होती. देवळीच्या आधी ते म्हणाले, "जवाईबुवा, गाडी बाजूले घ्या."

मला वाटलं त्यांना लघवीला जायचं असेल. मी बाभळीच्या सावलीत गाडी थांबवली. ते उतरले नाहीत. त्यांनी बहिणीने धरलेला आपला हात वर केला आणि पाहिला. तिच्या नखांचे अर्धगोल त्यांच्या तळव्यावर उमटले होते, काही खोल. रस्त्याच्या प्रत्येक बारीक धक्क्याला तो हात तिने आवळला होता. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नव्हतं, म्हशीची गोष्टही थांबवली नव्हती.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"काय कवापासून?"

"बाई."

 शेजारून एक ट्रक गेला, गाडी हलली.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू आणले होते ना," ती म्हणाली.

साळे उतरले. बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. शेतात कपाशी होती, बोंडं फुटायला लागली होती. मी खाली उतरलो, पण त्यांच्याजवळ गेलो नाही. त्यांचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यांच्या आईच्या वेळीही नाही. गाडीतून बायकोने हाक मारली, "दादा, उशीर होऊन राह्यला. नंबर जाईन माहा." ते चेहरा पुसत परत आले आणि पुन्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. उरलेल्या रस्त्यात प्रत्येक खड्ड्याच्या आधी मला मागून त्यांचा आवाज यायचा, "हळू. आता हळू." मी हळूच होतो.

परत रोहण्याला आल्यावर त्यांनी बहिणीला पलंगापर्यंत नेलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे चावी मागितली. गाडी ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी त्यांनी ओळखीच्या एकाची मोठी, मऊ गाडी पाठवली. ती फेरी आटोपून मी दुपारीच बसने आर्वीला गेलो. गॅरेजमध्ये आमची गाडी लोखंडी घोडीवर उचलून धरलेली होती, चाकं काढलेली. मिस्त्री म्हणत होता, "शेठ, नवेच तर आहेत. कायले काढता? गिऱ्हाइकं हे मागतात अन्‌ तुम्ही..." साळ्यांनी कंपनीचे रबराचे बुश आणले होते. गाडी नवी असताना जे होते तेच, काळे, साधे. एकेक हातात घेऊन अंगठ्याने दाबत होते आणि दबतो की नाही पाहत होते. मागच्या ॲक्सलचेही आणले होते, जे अजून तितके खराब नव्हते.

बसवून झाल्यावर मिस्त्री गाडी वर असतानाच नट आवळायला लागला, तेव्हा मात्र ते ओरडले. "खाली उतरव आधी! चाकावर उभी राहू दे, वजन घेऊ दे, मग आवळ. असं आवळशील तर रबर पिरगळून राहीन ना." मिस्त्रीने चाकं लावली, गाडी जमिनीवर उतरवली. साळे तिच्यात जाऊन बसले. पुढे बसले, मग मागे, जिथे बहिणीचं डोकं होतं तिथे. आतूनच त्यांनी मिस्त्रीला खूण केली. नट आवळले गेले.

मग ते मला म्हणाले, "चाला, तुम्ही मागं झोपा."

"मी?"

"झोपा तर. मी चालवतो. सांगा मले कसं लागते."

आर्वीच्या बाहेरच्या रस्त्यावर संध्याकाळच्या उजेडात मी, गणिताचा मास्तर, पाय दुमडून मागच्या सीटवर आडवा झालो. ते खड्डे शोधून शोधून गाडी घालत होते आणि विचारत होते, "हे? हे लागलं?" काही धक्के येत होते, पण गोल होऊन येत होते. मी तसं सांगितलं. त्यांनी आणखी एक फेरी मारली, मग पुन्हा एक. लोक पाहत होते.

शेकांनी थोडा आराम पडला, पण जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं की आता दुखणं कमी ठेवायचं, बाकी काही करता येण्यासारखं नाही. तिला मी सांगितलं नाही, पण तिने विचारलंही नाही. दोन-तीन दिवसांनी म्हणाली, "गिरडले जाऊन येऊ का?"

गिरड आमच्यापासून दूर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रपूर तालुक्यात. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. लहानपणी आई या दोघा भावंडांना घेऊन तिथे जायची. नवस कसला होता ते दोघांनाही आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की पायऱ्या चढताना दादाने हिला पाठीवर घेतलं होतं.

आम्ही तिघं निघालो. साळे चालवत होते, मी मागे तिला धरून. वर्ध्यापर्यंत तिने खिडकीबाहेर पाहिलं. हिंगणघाटाच्या बाजूला वळल्यावर तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. मी घाबरलो. मग कळलं की ती झोपलीय. गोळ्यांच्या गुंगीतली झोप मी ओळखायला शिकलो होतो, ती नव्हती. तोंड थोडं उघडं, श्वास लांब. साळ्यांनी आरशात पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी रेडिओ बंद केला, काच वर घेतली. पुढचा रस्ता काही ठिकाणी चांगलाच खराब होता. ती उठली नाही.

गिरड आल्यावर ती जागी झाली आणि म्हणाली, "समुद्रपूर आलं का?"

"गेलं मागं," साळे म्हणाले. "गिरड आहे हे."

ती बाहेर पाहत राहिली, टेकडीकडे. तिला चढणं शक्य नव्हतं. साळे म्हणाले, उचलून नेतो. ती म्हणाली, "आता नाई दादा, तूच जाय. माह्या वाटचं डोकं टेकव." ते गेले. आम्ही दार उघडं ठेवून गाडीतच बसलो. फुलं विकणारी एक बाई येऊन गेली. बायकोने तिच्याकडून मोगरा घेतला, आधीच्या औषधांनी माळायला केस उरले नव्हते म्हणून हातात धरून बसली. मला म्हणाली, "चांगली झोप लागली हो." जणू हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मग म्हणाली, "पोरीले फोन लावा. सांगतो तिले का मी गिरडले आलो." आमच्याकडे बायका असंच बोलतात, पुरुषांसारखं. मुलीशी ती बराच वेळ बोलली, हसलीही. साळे धापा टाकत खाली आले तेव्हा ती त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसत होती आणि ते लहान मुलासारखे वाकून उभे होते.

दिवाळीच्या आधी ती गेली. घरीच गेली, सकाळी, तिच्या पलंगावर. मुलगी होती, साळे होते, मी होतो.

गाडी अजून माझ्याकडे आहे. तीच घेऊन शाळेत जातो, कधी आर्वीला. साळ्यांच्या दुकानात जाऊन बसतो. पीयूचे बुश ते अजून विकतात, मागणी आहे. पण आता कुणी मागितले की ते आधी विचारतात, "गाडीत बसते कोण?" लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. काही जण हसून सांगतात, काही चिडतात. कुणी म्हातारी आई आहे म्हणालं, बाळंतीण आहे म्हणालं की ते डबा परत फळीवर ठेवतात आणि काळे रबराचे काढून देतात.

मध्यंतरी एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर ऊन होतं. ते पंख्याखाली बसून पेपर चाळत होते. पेपरवरून नजर न काढता म्हणाले, "जवाईबुवा, ते पिवळे होते तवा... लय दुखत होतं का हो तिले?"

काही नाही, थोडंसं, असं म्हणणं सोपं होतं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. 

"हो," मी म्हणालो. "खूप दुखायचं."

त्यांनी मान हलवली. पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तिनं मले सांगायले पायजे होतं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "नसतंच सांगितलं तिनं."

"नसतं."

एक माणूस मोटारसायकलची क्लच वायर मागत दुकानात शिरला. साळे उठले आणि फळीवरचे डबे पाहू लागले.